दोऱ्या हातात नसतील तर खुर्ची नको: जाक डेलॉर्स, पॅरिस आणि ब्रसेल्स

प्रश्न थोडक्यात असा: बी.एड.ला ‘डेलॉर्स आयोगा’चे शिक्षणाचे चार स्तंभ पाठ केले होते. आता स्पर्धा परीक्षेसाठी युरोपीय संघ वाचताना तेच नाव पुन्हा समोर आलं. माणूस एकच का? आणि फ्रान्सचा एक माजी अर्थमंत्री युरोपात एवढा मोठा झाला, तर मायदेशी राष्ट्राध्यक्ष का झाला नाही?

माझा धंदा युरोपला माल पाठवणाऱ्यांना तिथले नियम आणि कागदपत्रं समजावून सांगण्याचा. म्हणजे डेलॉर्स यांनी जी बाजारपेठ उभी केली तिच्यात माझा रोजचा वावर. त्यामुळे हे उत्तर जरा लांबणार आहे.

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात: हो. युनेस्कोच्या ज्या आंतरराष्ट्रीय आयोगाने 1996 मध्ये ज्ञानासाठी, कृतीसाठी, सहजीवनासाठी आणि अस्तित्वासाठी शिकणे हे चार स्तंभ मांडले, त्याचे अध्यक्ष जाक डेलॉर्स हेच. आयोग नेमला गेला तेव्हा ते ब्रसेल्समध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्षपदावर होते. भारताचे डॉ. करण सिंह त्या आयोगाचे सदस्य होते. मोठं नाव हवं म्हणून युनेस्कोने त्यांना बोलावलं असं वाटू शकतं, पण तसं नाही. फ्रान्समध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला कामाच्या वेळात प्रशिक्षण घेण्याचा हक्क देणारा जुलै 1971 चा कायदा घडवण्यात डेलॉर्स यांचाच हात होता. आयुष्यभर शिक्षण ही कल्पना त्यांच्या लेखी भाषणापुरती नव्हती. ते स्वतः नोकरी सांभाळून शिकलेले होते.

इथूनच सुरुवात करावी लागेल. फ्रान्सच्या सत्तेच्या वर्तुळात शिरायचा एक ठरलेला रस्ता असतो: नामांकित शाळा, मग उच्च प्रशासकीय प्रबोधिनी, मग मंत्र्याचं कार्यालय, मग मतदारसंघ. डेलॉर्स या रस्त्याने आले नाहीत. जन्म 20 जुलै 1925 चा, पॅरिसच्या अकराव्या विभागातला. वडील बँक ऑफ फ्रान्समध्ये साधे कर्मचारी, पहिल्या महायुद्धात व्हर्दूनला जबर जखमी झालेले. मुलगाही त्याच बँकेत चिकटला आणि 1962 पर्यंत तिथेच राहिला. बँकिंगच्या परीक्षा त्यांनी नोकरीत राहूनच दिल्या. सोबत ख्रिस्ती कामगार संघटनेचं काम चालू होतं. ते श्रद्धाळू कॅथलिक होते. फ्रान्सच्या डाव्या गोटात, जिथे चर्चशी फटकून राहणं हीच ओळख मानतात, तिथे ही गोष्ट शेवटपर्यंत थोडी खटकत राहिली.

1962 मध्ये ते नियोजन आयोगात गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर जाँ मोने यांनी उभी केलेली ही संस्था. आपल्या नियोजन आयोगासारखी सरकारी उद्योगांना आकडे वाटून देणारी ती नव्हती. मालक, कामगार आणि अधिकारी यांना एका टेबलाभोवती बसवायचं, भांडू द्यायचं आणि उठताना काहीतरी कागदावर आणायचं, ही तिची रीत. डेलॉर्स तिथे सामाजिक विभाग सांभाळत. पुढे ब्रसेल्समध्ये त्यांनी जे काही केलं त्याची तालीम इथे झाली, असं माझं मत आहे. मग 1969 ते 1972 ते पंतप्रधान जाक शाबाँ-देल्मास यांचे सल्लागार झाले. शाबाँ-देल्मास द गॉल यांच्या पक्षाचे, म्हणजे उजवे. 1974 मध्ये डेलॉर्स समाजवादी पक्षात आले ते हा डाग घेऊनच. पक्षातल्या जुन्या लोकांच्या नजरेत ते उपरे, आणि उजव्यांच्या नजरेत पळून गेलेले. आपल्याकडे पक्ष बदलणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तिकीट मिळतं. डेलॉर्स यांना बरीच वर्षं नुसती सतरंजी मिळाली. 1979 मध्ये ते युरोपीय संसदेवर गेले आणि तिथल्या आर्थिक समितीचे अध्यक्ष झाले, पण ती निवडणूक पक्षाच्या यादीवरची. स्वतःच्या नावावर मतं मागून जिंकलेलं एकच पद त्यांच्या खात्यावर आहे: मार्च 1983 मध्ये पॅरिसला लागून असलेल्या क्लिशी गावाचं नगराध्यक्षपद. फ्रान्समध्ये मंत्र्याने नगराध्यक्ष असणं तेव्हा सर्रास चालायचं.

मे 1981 मध्ये समाजवादी पक्षाचे फ्रांस्वा मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि डेलॉर्स अर्थमंत्री. हे मंत्रालय तेव्हा लूव्र राजवाड्याच्या एका पंखात होतं. सरकारने धडाक्यात सुरुवात केली. किमान वेतन वाढलं, पगारी रजेचा पाचवा आठवडा आला, कामाचा आठवडा 39 तासांवर आला, निवृत्तीचं वय 60 झालं, बँका आणि मोठे उद्योग सरकारी झाले. लोकांच्या हातात पैसा आला आणि त्यांनी जर्मन वस्तू विकत घेतल्या. बाकीचा युरोप मंदीत हात आखडून बसलेला असताना एकट्या फ्रान्सने खर्च वाढवल्यावर दुसरं काय होणार होतं? व्यापारतूट वाढली, महागाई आधीच दोन आकडी होती, फ्रँकवर दबाव आला. नोव्हेंबर 1981 मध्येच डेलॉर्स जाहीरपणे म्हणाले की सुधारणांना जरा विराम द्या. पक्ष खवळला. मंत्रिमंडळात राहून सरकारला ब्रेक लावायला सांगणारा अर्थमंत्री कुणाला आवडेल? पण ऑक्टोबर 1981 आणि जून 1982 असं दोनदा अवमूल्यन झाल्यावर तेच खरं ठरत गेलं.

1983 च्या मार्चमधले ते दहा-बारा दिवस मात्र नीट पाहण्यासारखे आहेत, कारण पुढच्या सगळ्या गोष्टींचं मूळ तिथे आहे. तेव्हा युरोपीय चलन प्रणाली होती. सदस्य देशांची चलनं एकमेकांशी ठरावीक पट्ट्यात बांधलेली, आणि पट्टा बदलायचा तर सगळ्यांनी मिळून ठरवायचं. मितराँ यांच्याकडे संध्याकाळी गुपचूप येऊन सल्ला देणारी काही मंडळी होती. त्यांचं म्हणणं, या प्रणालीतून बाहेर पडा, फ्रँक मोकळा सोडा, आयातीला कुंपण घाला आणि आपला कार्यक्रम पुढे रेटा. मितराँ यांचं मन दोलायमान होतं. अर्थसंकल्प खात्याचे तरुण मंत्री लोराँ फाबियुस आधी याच बाजूला झुकले होते. मग ते कोषागाराचे संचालक मिशेल काँदस्यू यांना भेटले. काँदस्यू यांनी तिजोरी उघडून दाखवली: परकीय चलन संपत आलंय, फ्रँक सोडलात तर तो कोसळेल आणि व्याजदर कुठल्या कुठे जातील. फाबियुस यांनी बाजू बदलली. (हेच काँदस्यू 1991 मध्ये, भारताने सोनं गहाण टाकलं तेव्हा, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे प्रमुख होते.)

इकडे डेलॉर्स ब्रसेल्समध्ये बाकीच्या अर्थमंत्र्यांशी झगडत होते. क्लिशीचा निकाल लागून जेमतेम आठवडा झालेला. फ्रान्सचं म्हणणं असं की आमचं चलन पडलंय असं नाही, जर्मन मार्क फार चढलाय, तेव्हा तुम्ही वर जा. डेलॉर्स यांनी जर्मनांवर जाहीर तोंडसुख घेतलं, बैठक सोडून पॅरिसला गेले, परत आले. शेवटी 21 मार्चला ठरलं: मार्क 5.5 टक्के वर, फ्रँक 2.5 टक्के खाली. जर्मनीने मोठा वाटा उचलला, म्हणून मितराँ यांना पॅरिसमध्ये थोडं तोंड दाखवायला जागा राहिली. बदल्यात फ्रान्सने कंबर आवळायची होती. नवे कर, खर्चात कपात आणि लोकांनी सरकारला सक्तीने द्यायचं कर्ज असा तो बेत होता. परदेशी सहलीला जाणाऱ्या प्रौढ माणसाला वर्षाला फक्त 2,000 फ्रँक एवढंच चलन मिळेल असाही फतवा निघाला. सुट्टीला स्पेन-इटलीत जाणाऱ्या फ्रेंच मध्यमवर्गाने अर्थमंत्र्याच्या नावाने काय बोटं मोडली असतील याची कल्पना करा.

त्याच आठवड्यात मितराँ यांनी डेलॉर्स यांना पंतप्रधान करण्याचा विचार केला. डेलॉर्स यांनी अट घातली: पंतप्रधान होतो, पण कोषागार आणि चलनाचा कारभारही माझ्याच हातात हवा. मितराँ यांना एवढी सत्ता एका माणसाकडे द्यायची नव्हती. तेव्हाचे पंतप्रधान पिएर मोरुआ यांनाच पदावर ठेवलं गेलं. देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी कुणी अटी घालत नाही. आधी बसतात आणि मग बघतात. डेलॉर्स यांनी उलट केलं. दोऱ्या हातात नसतील तर खुर्ची नको, हा त्यांचा स्वभाव इथे पहिल्यांदा लख्ख दिसतो. हे लक्षात ठेवा, 1994 मध्ये पुन्हा लागणार आहे.

जुलै 1984 मध्ये फाबियुस पंतप्रधान झाले आणि डेलॉर्स यांची रवानगी ब्रसेल्सला, युरोपीय आयोगाच्या अध्यक्षपदावर, ठरली. तसं पाहिलं तर पाळी जर्मनीची होती, पण चॅन्सेलर कोल यांनी ती सोडली. फ्रान्सने आधी क्लोद शेसाँ यांचं नाव पुढे केलं होतं. ते मार्गारेट थॅचर यांना पसंत नव्हतं. डेलॉर्स चालतील असं त्या म्हणाल्या, कारण फ्रान्सला शिस्त लावणारा अर्थमंत्री ही त्यांची ख्याती. पुढे थॅचर यांना या होकाराचा किती पश्चात्ताप झाला असेल, ते येतंच.

आता इथे परीक्षार्थींचा हमखास गोंधळ होतो तो आधी निस्तरू. युरोपीय आयोग म्हणजे सरकार नव्हे आणि निव्वळ सचिवालयही नव्हे. कायद्याचा प्रस्ताव मांडण्याचा हक्क जवळजवळ एकट्या आयोगाकडे आहे. मंजुरी देणं मात्र सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेकडे, आणि आता संसदेकडेही. डेलॉर्स यांच्या काळात अध्यक्षाला आपले आयुक्त, म्हणजे एकेक खातं सांभाळणारे आयोगाचे सदस्य, निवडता येत नसत. देश पाठवतील ते घ्यायचे. काढून टाकायची सोय नाही. सैन्य नाही, कर नाही, मतदार नाही. हातात फक्त प्रस्तावाचा कागद आणि तो केव्हा काढायचा याची निवड. ज्या माणसाकडे पॅरिसमध्ये गट नव्हता, मतदारसंघ नव्हता, त्याला हे पद नेमकं मानवलं. इथे कुणाकडेच गट नसतो.

1984 च्या शरदात, पद घेण्याआधी, ते दहाही सदस्य देशांच्या राजधान्यांत फिरले. खिशात वेगवेगळ्या कल्पना होत्या: सामायिक संरक्षण, एक चलन, संस्थांची सुधारणा, आणि खरोखर अडथळे नसलेली बाजारपेठ. पहिल्या तिन्हींना कुठे ना कुठे नकार मिळाला. बाजारपेठेला मात्र थॅचरपासून समाजवाद्यांपर्यंत सगळे हो म्हणाले, प्रत्येक जण आपापल्या कारणासाठी. डेलॉर्स यांनी तीच निवडली. जानेवारी 1985 मध्ये संसदेसमोरच्या पहिल्याच भाषणात त्यांनी तारीख मांडली: 1992 ची अखेर.

बाजारपेठ नव्हती का आधी? कागदावर होती. सदस्य देशांतली आपसातली जकात 1968 लाच संपली होती. पण सरहद्दीवर मालमोटारींच्या रांगा तशाच. प्रत्येक देशाचे पॅकिंगचे, रंगांचे, सुरक्षेचे नियम वेगळे, कर वेगळे, आणि प्रत्येक नाक्यावर शिक्क्यांचा खेळ. डेलॉर्स यांनी हे काम थॅचर यांनीच पाठवलेल्या लॉर्ड कॉकफील्ड यांच्याकडे दिलं. त्यांनी जून 1985 पर्यंत जवळपास 300 कायद्यांची यादी तयार केली, प्रत्येकासमोर तारखेसकट. कॉकफील्ड इतके मन लावून काम करायला लागले की थॅचर यांनी पुढच्या वेळी त्यांना पुन्हा पाठवलंच नाही.

यादी कुणीही करतं. घोडं पेंड खात होतं ते मतदानात. जवळपास प्रत्येक नियमाला सगळ्यांची संमती लागे, म्हणजे एक देश अडला की सगळं अडलं. म्हणून जून 1985 च्या मिलान बैठकीत करार बदलण्यासाठी परिषद बोलवायचा प्रश्न आला. इटलीचे पंतप्रधान क्राक्सी यांनी अनपेक्षितपणे सरळ मतदान घेतलं. ब्रिटन, डेन्मार्क आणि ग्रीस विरोधात राहिले, तरी प्रस्ताव मंजूर. त्यातून 1986 चा एकल युरोपीय कायदा आला आणि 1 जुलै 1987 पासून लागू झाला. बाजारपेठेच्या बहुतेक विषयांत आता भारित बहुमत, म्हणजे देशागणिक कमी-जास्त मतं मोजून होणारं बहुमत, पुरेसं ठरलं. बारा देशांची मिळून 76 मतं: फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन प्रत्येकी 10, स्पेन 8, बेल्जियम, नेदरलँड्स, ग्रीस, पोर्तुगाल प्रत्येकी 5, डेन्मार्क आणि आयर्लंड प्रत्येकी 3, लक्झेंबर्ग 2. मंजुरीला 54 हवीत, म्हणजे अडवायला 23. ब्रिटनला एकट्याने काही अडवता येईना. जोडीला दुसरा मोठा देश आणि वर एक छोटा हवा. ही बेरीज एकदा वहीत करून बघा, मग कळेल की एवढे सगळे कायदे सात-आठ वर्षांत कसे निघाले. मतदान फार वेळा प्रत्यक्षात झालंही नाही. आपण एकटे पडणार हे दिसलं की माणसं तडजोडीला येतात. कर, लोकांचं मुक्त येणं-जाणं आणि कामगारांचे हक्क हे विषय मात्र एकमताखालीच राहिले. थॅचर यांनी त्या कायद्यावर सही केली ती हे पाहूनच.

1 जानेवारी 1993 ला आतल्या सरहद्दींवरची मालाची जकात-तपासणी थांबली. नाशिकचा द्राक्षांचा कंटेनर आज रॉटरडॅमला एकदा सोडवला की तो माल पुढे जर्मनीत जावो की पोलंडात, पुन्हा नाका लागत नाही, तो याच कामामुळे. आणि हेही सांगतो: कीटकनाशकांच्या अवशेषांची मर्यादा सगळ्या देशांत एकच आहे हेही याच बाजारपेठेचं अपत्य. त्यामुळे एका बंदरात माल नाकारला गेला की बाकीच्या बंदरांत नशीब आजमावायची सोय राहिलेली नाही.

डेलॉर्स यांना बाजारपेठ हे साधन होतं. बाजारपेठेच्या प्रेमात कुणी पडत नाही, अशा अर्थाचं ते नेहमी म्हणायचे. म्हणून प्रत्येक पावलाबरोबर त्यांनी दुसरं काही बांधलं. पद घेतल्या महिन्यातच ब्रसेल्सजवळच्या वाल दुशेस इथे मालक आणि कामगार संघटनांना एकत्र बसवलं. हीच ती नियोजन आयोगातली जुनी सवय. 1987 मध्ये दुसऱ्या सदस्य देशात जाऊन शिकण्यासाठीची एरास्मस शिष्यवृत्ती सुरू झाली, पहिल्या वर्षी 3,244 विद्यार्थी. फेब्रुवारी 1988 मध्ये मागास भागांसाठीचा निधी दुप्पट करायचा निर्णय झाला. आयर्लंड, पोर्तुगाल, स्पेन, ग्रीस यांना स्पर्धा सोसायची तर रस्ते आणि शाळा हव्यात, हा त्यामागचा हिशेब. तो पैसा मुख्यतः जर्मनीने दिला. कोल यांच्याशी जमवून घेतल्याशिवाय यातलं काहीच झालं नसतं. पुढे बर्लिनची भिंत पडल्यावर मितराँ आणि थॅचर दोघेही जर्मनीच्या एकीकरणाकडे साशंकपणे बघत होते. तेव्हा पूर्व जर्मनीला युरोपीय समुदायात (संघाचं तेव्हाचं नाव) जागा आहे असं डेलॉर्स यांनी जानेवारी 1990 मध्येच ठणकावून सांगितलं. कोल ते विसरले नाहीत.

या सगळ्यामागे एक कार्यालय होतं, त्याबद्दल पुस्तकांत कमी येतं. त्यांच्या खासगी सचिवालयाचा प्रमुख पास्काल लामी, तेच जे 2005 ते 2013 जागतिक व्यापार संघटनेचे महासंचालक होते आणि शेतमालाच्या वाटाघाटींत आपल्या दिल्लीकरांना चांगले परिचित आहेत. लामी यांनी ब्रसेल्सची यंत्रणा अक्षरशः पॅरिसच्या मंत्र्याच्या कार्यालयासारखी हाकली. बाकीच्या आयुक्तांना डावलून थेट त्यांच्या अधिकाऱ्यांना फोन जायचे. काम वेगात झालं, माणसं दुखावली. डेलॉर्स स्वतः तापट आणि लगेच रुसणारे. राजीनाम्याची धमकी हे त्यांचं नेहमीचं हत्यार. 1992 मध्ये अमेरिकेशी शेतमाल अनुदानाची बोलणी चालू असताना आयर्लंडचे आयुक्त रे मॅकशॅरी यांनी वाटाघाटीचं काम सोडलं. आरोप असा की अध्यक्ष फ्रान्सच्या शेतकऱ्यांसाठी लुडबुड करताहेत. काही दिवसांत ते परतले आणि अमेरिकेशी शेतमालावरचा ब्लेअर हाउस समझोता झाला. डेलॉर्स यांच्यातला फ्रेंच मंत्री पूर्णपणे निवृत्त झाला नव्हता याचा हा पुरावा मी मानतो.

थॅचर यांच्याशी बिनसलं ते 1988 मध्ये. जुलैत डेलॉर्स युरोपीय संसदेत म्हणाले की दहा वर्षांत आर्थिक कायद्यांपैकी 80 टक्के युरोपातून येतील. सप्टेंबरात ते बोर्नमथला ब्रिटिश कामगार संघटनांच्या अधिवेशनात गेले आणि सामाजिक युरोपबद्दल बोलले. थॅचर यांच्याकडून मार खाल्लेल्या त्या कामगारांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. दोन आठवड्यांच्या आत ब्रुज इथे थॅचर यांचं प्रसिद्ध भाषण झालं: आम्ही ब्रिटनमधलं सरकारचं ओझं कमी केलं ते ब्रसेल्सने पुन्हा लादावं म्हणून नव्हे. ऑक्टोबर 1990 मध्ये त्यांनी कॉमन्समध्ये डेलॉर्स यांच्या कल्पनांना तीन वेळा ‘नो’ म्हटलं, लगोलग एका खपाऊ दैनिकाने पहिल्या पानावर डेलॉर्स यांना अर्वाच्य शिवी छापली, आणि महिनाभरात थॅचर यांचीच खुर्ची गेली. ब्रेक्झिटची मुळं शोधायची तर 2016 च्या आधी अठ्ठावीस वर्षं मागे जावं लागतं.

चलनाचा भाग मात्र डेलॉर्स यांच्या हिकमतीचा उत्तम नमुना आहे. जून 1988 च्या हॅनोव्हर बैठकीत एका चलनाचा अभ्यास करायला समिती नेमायचं ठरलं. अर्थमंत्र्यांची समिती नेमली असती तर ती भांडतच बसली असती. नेमले ते मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर, अध्यक्ष डेलॉर्स. गव्हर्नर लोकांना ही कल्पना फारशी आवडत नव्हती, जर्मन बुंडेसबँकेचे कार्ल ऑटो प्योल तर उघड नाराज. पण कसं करायचं एवढंच विचारल्यावर तांत्रिक माणूस उत्तर देतोच. त्यातून ज्यांच्याकडून अडथळा यायचा, त्यांच्याच सह्या कागदावर आल्या. बँक ऑफ इंग्लंडच्या गव्हर्नरांनीही सही केली, याने थॅचर भडकल्या. एप्रिल 1989 चा तो अहवाल तीन टप्पे सांगतो. डिसेंबर 1991 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथल्या करारात त्यावर शिक्कामोर्तब झालं, आणि 1999 मध्ये युरो आला. बँक ऑफ फ्रान्सचा जुना कारकून गव्हर्नरांच्या टेबलाचा अध्यक्ष, हा योगायोग मला स्वतःला फार आवडतो.

मास्ट्रिख्टनंतर हवा फिरली. जून 1992 मध्ये डेन्मार्कने सार्वमतात या कराराला नकार दिला, सप्टेंबरात फ्रान्समध्ये होकार आला तो 51 टक्क्यांनी. वरच्या वर, तज्ज्ञांच्या बैठकांतून युरोप घडवायची पद्धत लोकांना विचारायची वेळ आली तेव्हा तोकडी पडली. ही टीका रास्त आहे. डेलॉर्स यांचं सगळं बळ बंद खोलीत होतं.

म्हणून आता तुमचा शेवटचा प्रश्न. 1994 मध्ये फ्रान्सचे समाजवादी रसातळाला गेलेले. 1993 च्या निवडणुकीत उजव्यांनी संसदेतल्या पाचातल्या चार जागा जिंकल्या होत्या. जून 1994 च्या युरोपीय निवडणुकीत पक्षाचे नेते मिशेल रोकार यांची यादी साडेचौदा टक्क्यांवर थांबली आणि त्यांचं नेतृत्व संपलं. पुढच्या वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी एकच नाव पाहण्यांमध्ये पुढे होतं: डेलॉर्स. ज्या पक्षाने त्यांना वीस वर्षं उपरा मानलं तो त्यांच्या नाकदुऱ्या काढत होता. 11 डिसेंबर 1994 च्या रविवारी संध्याकाळी ते टीएफ-वन वाहिनीवर आन सँक्लेर यांच्या मुलाखतीच्या कार्यक्रमात आले. कोटीहून अधिक लोक टीव्हीसमोर. त्यांनी शेवटाकडे एक निवेदन वाचून दाखवलं: लवकरच सत्तर पूर्ण होतील, पन्नास वर्षं अखंड काम केलं, आणि मुख्य म्हणजे मला जे करायचं आहे त्याला पाठिंबा देणारं बहुमत निवडणुकीनंतरही उभं राहणार नाही. तेव्हा उमेदवार नाही.

तेव्हा अनेकांनी याला कच खाणं म्हटलं. मला ते पटत नाही. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर संसद विसर्जित करता आली असती, मितराँ यांनी 1981 आणि 1988 मध्ये तेच केलं होतं. पण डेलॉर्स यांना हवं होतं समाजवादी आणि मध्यममार्गी यांचं एकत्र बहुमत, आणि मध्यममार्गी उजव्यांना सोडून यायला तयार नव्हते. ते जिंकले असते तर उरला असता तो निव्वळ समाजवाद्यांचा पाठिंबा, ज्यांच्या कार्यक्रमाशी त्यांचं जमत नव्हतं, किंवा विरोधी पंतप्रधानासोबतचा संसार. म्हणजे खुर्ची मिळाली असती, दोऱ्या नाहीत. 1983 मध्ये मितराँ यांना जे उत्तर दिलं तेच त्यांनी अकरा वर्षांनी मतदारांना दिलं. पक्ष बांधून, माणसं जमवून, बहुमत घडवणं हेही राजकारणच असतं, आणि ते त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं, ही दुसरी बाजूही खरीच. समाजवाद्यांकडून लिओनेल जोस्पाँ उभे राहिले, पहिल्या फेरीत पहिले आले आणि उजव्यांच्या जाक शिराक यांच्याकडून हरले. डेलॉर्स यांची मुलगी मार्तिन ओब्री यांनी मात्र बापाने टाळलेला रस्ता धरला: मंत्री होऊन 35 तासांच्या आठवड्याचा कायदा केला, लील शहराच्या महापौर झाल्या, पक्षाचं नेतृत्वही केलं.

जानेवारी 1995 मध्ये डेलॉर्स ब्रसेल्समधून निघाले. पुढच्या वर्षी त्यांनी ‘नोत्र यूरोप’ ही अभ्यास संस्था काढली, जी आज त्यांच्याच नावाने चालते. 27 डिसेंबर 2023 ला, 98 व्या वर्षी ते गेले.

परीक्षेत ‘युरोचे जनक’ एवढं लिहून मोकळं होऊ नका, कारण त्यांच्या हिशेबात युरो अर्धाच झाला होता. चलन एक, पण आर्थिक धोरणाची जबाबदारी एकत्र नाही, हे दुखणं ग्रीसच्या संकटात बाहेर आलं. डेलॉर्स यांनी डिसेंबर 1993 च्या श्वेतपत्रिकेतच सुचवलं होतं की समुदायाने स्वतःच्या नावाने रोखे काढावेत आणि त्या पैशातून रेल्वे, ऊर्जा, दूरसंचाराचं जाळं उभारावं. अर्थमंत्र्यांनी ते फेटाळलं. त्यांना ब्रसेल्सच्या हातात कर्जाची वही द्यायची नव्हती. मार्च 2020 मध्ये, करोनाच्या पहिल्या लाटेत मदतीवरून सदस्य देशांची जुंपली, तेव्हा 94 वर्षांचे डेलॉर्स बऱ्याच काळाने बोलले: ऐक्यभावनेचा अभाव संघाच्या जिवावर बेतेल. त्या जुलैत पाच दिवस चाललेल्या बैठकीनंतर 27 देशांनी 750 अब्ज युरो एकत्र उभे करायला मान्यता दिली, आयोगाच्या नावाने रोखे काढून. त्या कर्जाची परतफेड 2058 पर्यंत चालायची आहे, आणि ती कुठल्या उत्पन्नातून करायची यावरून सदस्य देशांची ओढाताण चालूच आहे.